कोथरूडमधील एका जुन्या फ्लॅटची विक्री: स्वतः की एजंटमार्फत?

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ सालातील, पुण्याच्या कोथरूड भागातील आहे. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडत आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. फ्लॅट विकणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका असून वयाने सत्तरीच्या आसपास आहेत. आम्ही सारे त्यांना काकू म्हणतो, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. मी एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात बरीच वर्षे काम केले. या व्यवहाराशी माझा संबंध एप्रिलमध्ये, म्हणजे पहिला ग्राहक अडून बसल्यावर आला. त्याआधीचा भाग मी काकूंच्या बोलण्यावरून आणि त्यांच्या शंभर पानी वहीवरून लिहीत आहे.

पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला १९९२ साली बांधलेल्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता. इमारतीला लिफ्ट नाही. कार्पेट क्षेत्र ६४० चौरस फूट. फ्लॅट काकांनी १९९२ मध्ये स्वतःच्या कमाईतून, एकट्याच्या नावावर घेतला होता. काका २०१९ मध्ये वारले. सोसायटीत नामनिर्देशन काकूंच्या नावे होते, त्यामुळे २०२० मध्ये भागदाखला, म्हणजे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, काकूंच्या नावावर झाला. वीजबिल आणि मिळकत कराची पावतीही त्यांच्या नावावर आली. मुलगी नाशिकला, मुलगा जर्मनीत म्युनिकला. काकूंचे गुडघे दोन जिने चढू देईनात, तेव्हा कोथरूडचे घर विकून नाशिकला मुलीजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घ्यावे असे जानेवारी २०२४ मध्ये ठरले.

मूळ प्रश्न

कुटुंबाने स्वतःपुढे ठेवलेला प्रश्न सरळ होता. एजंटला विक्रीच्या किमतीच्या १ ते २ टक्के ब्रोकरेज द्यायचे, की मोबाइल हाताशी असताना आणि घर बसल्या जाहिरात करता येत असताना तो पैसा वाचवायचा? ८० लाखांच्या घरावर २ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार, आणि एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर आणखी १८ टक्के. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या बाईला ही रक्कम खुपणे स्वाभाविक होते. शिवाय काकूंचे म्हणणे असे की, घर त्यांचे, ते चांगले कसे आहे हे त्यांच्याइतके कोण सांगणार?

यात एक गोष्ट कोणीच विचारली नाही, आणि पुढचा सारा त्रास तिच्यातून निघाला. घर आज, आहे त्या कागदांवर, विकण्याजोगे आहे का? भागदाखला नावावर आहे म्हणजे घर नावावर आहे, अशी काकूंची समजूत होती. ही समजूत पुण्यातील कितीतरी जुन्या सोसायट्यांत आहे, आणि मी ती कर्ज विभागाच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे.

विचारात घेतलेले पर्याय

जानेवारीत चार पर्यायांवर बोलणे झाले. पहिला, सर्व काही स्वतः करणे. दुसरा, भागातील पाच-सहा एजंटांना एकाच वेळी सांगून ठेवणे, जो ग्राहक आणेल त्याला ब्रोकरेज. हा पुण्यातला सर्रास चालणारा प्रकार आहे, पण त्यात एकच घर वेगवेगळ्या किमतीला वेगवेगळ्या ठिकाणी झळकते आणि ग्राहकाला घर पडून आहे असे वाटू लागते. तिसरा, एकाच एजंटला ठरावीक मुदतीसाठी काम देणे. चौथा, ग्राहक स्वतः शोधून कागदपत्रांचे काम फी देऊन वकिलाकडे सोपवणे.

मुलाचा कल तिसऱ्याकडे होता आणि मुलीचा चौथ्याकडे. काकूंनी पहिला पर्याय निवडला. त्यामागे पैशांइतकेच आणखी एक कारण होते, ते म्हणजे एजंट आपल्याला वयस्कर समजून घाई करेल ही धास्ती. ती धास्ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही.

पहिला टप्पा: स्वतः विक्री

अपेक्षित किंमत ९५ लाख ठेवली गेली. हा आकडा कसा आला ते पाहण्यासारखे आहे. शेजारच्या गल्लीतील एका इमारतीतील फ्लॅट ९४ लाखांना गेल्याचे खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी सांगितले होते. गोष्ट खरी होती, पण त्या सोसायटीचे अभिहस्तांतरण झालेले होते, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली होती, पुनर्विकासासाठी विकसक निवडला गेला होता आणि घेणाऱ्याने तीन-चार वर्षांनी मिळणाऱ्या नव्या, मोठ्या फ्लॅटची किंमत मोजली होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियमावली आल्यापासून कोथरूडमधील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वेग आला आहे, आणि त्यामुळे लिफ्ट नसलेल्या प्रत्येक इमारतीतील माणसाला आपल्या घराची किंमत उद्याच्या भावाने दिसते. काकूंच्या सोसायटीत मात्र जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर होती, मानीव अभिहस्तांतरणाचा अर्जही केलेला नव्हता, आणि पुनर्विकासाचा विषय जिन्यातल्या गप्पांच्या पुढे गेलेला नव्हता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन संकेतस्थळांवर जाहिरात टाकली. वहीत काकूंनी रकाने आखले होते: तारीख, नाव, स्वतःसाठी की एजंट, काय म्हणाले. पहिल्या दहा दिवसांत ७४ फोन आले, त्यांपैकी ५१ एजंटांचे. ‘आमच्याकडे पार्टी तयार आहे’ हे वाक्य काकूंनी पहिल्या पानावर पूर्ण लिहिले आहे, दुसऱ्या पानावर ‘पार्टी तयार’ आणि तिसऱ्यापासून पुढे नुसते ‘पा. त.’ उरलेल्या २३ जणांपैकी ११ जण प्रत्यक्ष घर पाहायला आले.

घर दाखवणे हे काम काकूंना वाटले होते त्यापेक्षा फार जड गेले. येणारा माणूस वेळ पाळत नाही, आणि दोनदा तर दुपारी झोपेच्या वेळी दार वाजले. एका गृहस्थांनी आतल्या खोलीतील काकांचे लाकडी कपाट न विचारता उघडून पाहिले, ओल आहे का ते पाहायचे होते म्हणाले. त्या दिवशीच्या नोंदीपुढे काकूंनी काहीच लिहिलेले नाही, फक्त एक आडवी रेघ आहे. त्यानंतर प्रत्येक वेळी समोरच्या फ्लॅटमधील ताई येऊन बसू लागल्या. एकट्या राहणाऱ्या वयस्कर व्यक्तीने अनोळखी माणसांना घरात घ्यायचे म्हणजे काय, याचा हिशेब ब्रोकरेजच्या आकड्यात धरलेला नसतो.

एका ग्राहकाने ८४ लाख देऊ केले, पण त्यातील १५ लाख रोख आणि करारनाम्यात ६९ लाखच दाखवायचे, ‘सगळेच करतात’ अशी पुस्ती जोडून. काकूंनी त्याच क्षणी नकार दिला. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम २६९ एसएसने मनाई होती आणि घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकत होता, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते. आयुष्यभर शाळेत मुलांना जे सांगितले त्याच्या विरुद्ध कशी वागू, एवढेच त्यांच्या मनात आले. मला हा संपूर्ण प्रकरणातील सर्वांत स्पष्ट निर्णय वाटतो.

मार्चच्या अखेरीस एका तरुण जोडप्याने ८० लाखांना सौदा ठरवला. एक लाख रुपये ऑनलाइन दिले. काकूंनी वहीतलेच पान फाडून पावती लिहून दिली: ‘फ्लॅटच्या विक्रीपोटी विसार म्हणून रु. १,००,०००/- मिळाले. एकूण किंमत रु. ८०,००,०००/-.’ खाली सही आणि तारीख. सौदा कशावर अवलंबून आहे, किती दिवसांत पुरा करायचा, कर्ज मिळाले नाही किंवा कागदांत दोष निघाला तर विसाराचे काय, यांपैकी एक अक्षरही त्या पावतीवर नव्हते.

वारसांचा प्रश्न

पाडव्यानंतर काही दिवसांनी ग्राहकाच्या बँकेच्या वकिलांचा शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या कागदांच्या तपासणीचा अहवाल, आला. १९९२ चा नोंदणीकृत करारनामा काकांच्या नावावर, म्हणजे मालक काका. काका मृत्युपत्र न करता वारले, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार त्यांचा वारसा वर्ग १ च्या वारसांकडे समान जातो. काकांच्या आई आधीच निवर्तल्या होत्या, त्यामुळे वारस तिघे: काकू, मुलगी आणि मुलगा, प्रत्येकी एक तृतीयांश. नामनिर्देशनामुळे सोसायटीने काकूंना सभासद करून घेतले, पण त्याने मालकी ठरत नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळते. एकट्या काकूंच्या सहीने होणाऱ्या विक्रीवर बँक कर्ज देणार नव्हती, आणि ते योग्यच होते.

याच वेळी मला बोलावणे आले. दोन मार्ग दिसत होते.

पहिला मार्ग तिघांनी मिळून विक्री करण्याचा. तो दिसायला सोपा होता, पण मुलगा अनिवासी असल्याने घेणाऱ्याला त्याच्या हिश्शावर निवासी विक्रेत्याप्रमाणे १ टक्का नव्हे, तर कलम १९५ प्रमाणे कितीतरी अधिक करकपात करावी लागली असती. त्यासाठी स्वतंत्र टॅन क्रमांक (करकपात करणाऱ्याचा क्रमांक) काढणे किंवा मुलाने आधी कमी कपातीचे प्रमाणपत्र मिळवणे, हे सोपस्कार आले. नोकरी करणारा सामान्य ग्राहक एवढे ऐकूनच मागे सरतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही मुलांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणे. मोबदला न घेता केलेल्या अशा हक्कसोडपत्राला महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्क लागते. मुलगा-मुलगी दोघेही एका फोनमध्ये तयार झाले. येथे एक गोष्ट मी आवर्जून केली. दोघांनाही वेगवेगळे गाठून, हक्क सोडल्यावर हा पैसा कायद्याने केवळ आईचा होईल, हे स्पष्ट सांगितले आणि विचार करायला आठवडा दिला. घरातले प्रेम कागदावर गृहीत धरू नये.

मुलाला लगेच येणे शक्य नव्हते. त्याने म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र केले. परदेशात केलेला असा दस्त भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावा लागतो, तेही केले. भेटीची वेळ मिळणे, मसुद्यातील नावाची एक चूक दुरुस्त करून पुन्हा वेळ घेणे, टपाल, मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयातील फेरी, असे करता करता हक्कसोडपत्राची नोंदणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाली.

ते जोडपे तोवर थांबले नाही. मेअखेर त्यांनी विसार परत मागितला. मधल्या काळात भाड्याचे घर वाढवून घ्यावे लागले म्हणून वर ४० हजार नुकसानभरपाईही मागितली. पावतीवर काहीच लिहिलेले नसल्याने दोन्ही बाजूंना हवे ते म्हणता येत होते. मी काकूंना विसाराचे एक लाख तातडीने आणि पूर्ण परत करण्याचा सल्ला दिला, कारण दोष आपल्या कागदांत होता. नुकसानभरपाई मात्र देऊ नये असे सांगितले. चार दिवस कटू गेले, पण परतफेडीची लेखी पोच घेऊन विषय मिटला.

दुसरा टप्पा: एजंटची निवड

कागद स्वच्छ झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न समोर आला, पण आता तो विचारण्याची पद्धत बदलली होती. विक्रीचे काम आम्ही तुकड्यांत पाडले. भाव ठरवणे, ग्राहक आणणे, ग्राहक पारखणे, घर दाखवणे, दस्त तयार करणे आणि पैसे येईपर्यंत पाठपुरावा करणे. यांतील भाव ठरवणे आपल्याला जमण्याजोगे होते. दस्त वकिलाचे काम. उरलेली चार कामे काकूंना झेपत नव्हती आणि मुलीला नाशिकहून करता येत नव्हती. एजंट हवा होता तो या चार कामांसाठी.

भावासाठी आम्ही नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च वापरले. तेथे गाव आणि मिळकत क्रमांक टाकून नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे लोकांच्या भाषेत इंडेक्स टू, पाहता येते, आणि तिच्यावर मोबदला, बाजारभाव व क्षेत्र छापलेले असते. गेल्या दीड वर्षात त्याच सोसायटीत आणि लगतच्या दोन सारख्या इमारतींत मिळून चार विक्री नोंदल्या गेल्या होत्या: ७६ लाख, साडेएकोणऐंशी लाख, ८१ लाख आणि ८५ लाख. यातला ८५ लाखांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावरचा, नूतनीकरण केलेला होता. शेजाऱ्यांच्या तोंडच्या ९४ लाखांपेक्षा हे चार आकडे आम्हाला जास्त उपयोगी पडले. ते पाहिल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘म्हणजे फेब्रुवारीत मी उगाचच लोकांना परत पाठवलं.’

तीन एजंटांना घरी बोलावले. एकाने ९२ लाखांचे स्वप्न दाखवले, त्याला घर मिळवायचे होते. दुसऱ्याने भावावर बोलणेच टाळले. तिसऱ्याने बसण्याआधीच विचारले, ‘काकू, इंडेक्स टू कोणाच्या नावावर आहे? आणि काका गेल्यावर वारसांचं काय केलंत?’ त्याने ८२ ते ८५ लाख असा अंदाज सांगितला आणि मागच्या दोन वर्षांत जवळच्या गल्ल्यांत केलेले व्यवहार दाखवले. जानेवारीत असा एक माणूस घरात येऊन हाच प्रश्न विचारून गेला असता, तर पहिले सहा महिने वाचले असते, हे मला येथे मान्य केले पाहिजे.

त्याच्याकडे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, त्यामुळे तो क्रमांक पाहणे चांगलेच. पण ती नोंदणी मुळात नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी असते, आणि तीस वर्षांच्या इमारतीतील पुनर्विक्रीत तिचा आधार मर्यादित राहतो. म्हणून आम्ही दोन पानांचा लेखी करार केला. ब्रोकरेजची बोलणी २ टक्क्यांवर सुरू झाली आणि १ टक्क्यावर आली. तीन महिने काम त्याच्या एकट्याकडे असेल, मात्र काकूंच्या वहीतील आठ नावांपैकी कोणी घर घेतले तर ब्रोकरेज नाही. निम्मे ब्रोकरेज करारनाम्याच्या नोंदणीनंतर आणि निम्मे पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर. विसार थेट काकूंच्या खात्यात, एजंटच्या हातात नाही. ग्राहकाकडून तो किती घेणार हे काकूंना आधी सांगेल. घर फक्त सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात दाखवायचे. त्याने सगळ्या अटी मान्य केल्या. फक्त वहीतली आठ नावे तारखेसह लिहून मागितली, आणि तो आग्रह रास्त होता.

दोन प्रस्ताव आणि एक अवघड निर्णय

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ८८ लाखांची अपेक्षा ठेवून काम सुरू झाले. पाच आठवड्यांत नऊ कुटुंबे आली. आधीच्या ११ भेटींपेक्षा ही संख्या कमी आहे, पण नऊच्या नऊ जणांचे बजेट आणि कर्जपात्रता विचारून मगच त्यांना आणले होते. गणपतीच्या आठवड्यात दोन प्रस्ताव हाती आले. पहिला साडेचौऱ्याऐंशी लाखांचा, पण त्या गृहस्थांना आधी सिंहगड रस्त्यावरील स्वतःचे घर विकायचे होते. दुसरा साडेब्याऐंशी लाखांचा, एका नोकरदार जोडप्याचा, ६६ लाखांचे कर्ज तत्त्वतः मंजूर झालेले पत्र हातात घेऊन आलेला.

एजंटने दुसऱ्याचा आग्रह धरला. येथे वाचकाने एक हिशेब नीट पाहावा. दोन प्रस्तावांतील फरक काकूंसाठी २ लाखांचा होता. एजंटसाठी, दोन्ही बाजूंचे १-१ टक्का धरून, तो ४ हजारांचा होता, आणि पहिला प्रस्ताव फिसकटला तर त्याचे दीड लाखाहून अधिक ब्रोकरेज लांबणीवर पडणार होते. दोन्हीकडून ब्रोकरेज घेणारा माणूस भाव ताणत बसत नाही, तो व्यवहार पुढे ओढतो. याचा अर्थ त्याचा सल्ला चुकीचाच असतो असा नाही, पण तो त्याच्या शब्दावर न घेता स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

आम्ही तो असा तपासला. नाशिकचे घर काकूंनी पसंत केले होते आणि तेथील मालक नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबायला तयार होता. पहिल्या गृहस्थांचे घर कधी विकले जाईल हे त्यांनाही सांगता येत नव्हते. त्यांना एक महिन्याची मुदत द्यावी आणि तोवर दुसऱ्यांना थांबवावे, असाही विचार झाला, पण कर्जाचे पत्र घेऊन फिरणारे जोडपे महिनाभर थांबत नाही. काकूंनी दुसरा प्रस्ताव स्वीकारला. पहिल्या गृहस्थांचे घर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत विकले गेले नव्हते, असे नंतर एजंटकडून कळले. तरी मी म्हणेन की त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर हा निर्णय बरोबर होता आणि नंतर काय घडले यावर त्याचे योग्य-अयोग्य ठरवू नये.

जोडप्याच्या घरच्यांची पितृपक्षात विसार द्यायची तयारी नव्हती. १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर हे दिवस मध्ये आले. एजंटने येथे त्याचे मोल दाखवले. विसाराविना, पण लेखी संमतीवर त्याने बँकेची कागद तपासणी त्याच पंधरवड्यात सुरू करून घेतली, आणि ग्राहकांच्या वकिलांनी दोन मराठी दैनिकांत हरकती मागवणारी जाहीर नोटीसही दिली. घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, विसाराचे एक लाख काकूंच्या खात्यात आले, तेव्हा बँकेचा अहवाल बिनहरकत होऊन आलेला होता. या वेळची विसारपावती वकिलांनी तयार केली होती. ४५ दिवसांची मुदत, कर्ज नाकारले गेल्यास पूर्ण परतावा, विक्रेत्याच्या कागदांत दोष निघाल्यास पूर्ण परतावा, ग्राहकाने विनाकारण माघार घेतल्यास २५ हजारांची वजावट, असे सारे तिच्यात होते.

व्यवहाराची पूर्तता

करारनाम्याची नोंदणी दिवाळीच्या आधी, २५ ऑक्टोबरला, हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात झाली. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, आणि घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत. जोडप्याने घर पत्नीच्या नावावर घेतले आणि ८२,५०० रुपये वाचवले. साडेब्याऐंशी लाखांपैकी विसाराचा १ लाख आधीच आला होता, १ टक्का करकपातीचे ८२,५०० रुपये ग्राहकांनी काकूंच्या पॅनवर सरकारजमा केले, १४,६७,५०० रुपये नोंदणीच्या दिवशी मिळाले आणि ६६ लाख बँकेकडून यायचे राहिले.

मध्ये सोसायटीने एक अडसर घातला. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाला सोसायटीचा ना हरकत दाखला लागत नाही, पण ग्राहकांच्या बँकेला तो हवा होता, आणि एका पदाधिकाऱ्यांनी त्यासाठी ५० हजारांचा ‘इमारत निधी’ मागितला. घर दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटी जी रक्कम घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपये आहे, आणि तसा शासन निर्णय २००१ सालचा आहे. मी त्याची प्रत सोबत जोडून काकूंच्या सहीचे पत्र दिले. दाखला चौथ्या दिवशी २५ हजारांत मिळाला.

बँकेची रक्कम २० नोव्हेंबरच्या आठवड्यात आली, त्यानंतर खरेदीखत झाले आणि ताबा दिला. काकूंच्या कराचा हिशेब सनदी लेखापालांनी पाहिला. १ एप्रिल २००१ चे मूल्य नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून घेतले, २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला निवासी व्यक्तीला उपलब्ध असलेल्या दोन्ही दरांनी गणित मांडले, आणि नाशिकचे घर कलम ५४ खाली, म्हणजे नवे घर घेतल्यास मिळणाऱ्या करसवलतीसाठी, दाखवले. त्याचा तपशील हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

फलित

एजंटला ८२,५०० रुपये दिले. तो जीएसटी नोंदणीकृत नव्हता. म्हणजे काकूंना ब्रोकरेज वजा जाता ८१,६७,५०० रुपये मिळाले, मार्चमधील ब्रोकरेजविना ठरलेल्या ८० लाखांपेक्षा १,६७,५०० रुपये अधिक. हा आकडा एजंटच्या बाजूने पुरावा म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण ते न्याय्य होणार नाही. मार्चमध्ये कागद स्वच्छ असते तर तोच व्यवहार ८० लाखांना मे महिन्यात पुरा झाला असता, काकू सहा महिने आधी नाशिकला गेल्या असत्या, आणि कदाचित नोंदणीकृत दर आधी पाहिले असते तर त्यांनी स्वतःच आणखी दोन लाख मागितले असते. एजंटने भाव वाढवला असे मला वाटत नाही. त्याने काकूंच्या दारावरची गर्दी थांबवली, कर्जाची तयारी नसलेले लोक वगळले, आणि पंधरा दिवसांचा पितृपक्ष वाया जाऊ दिला नाही. या तीन गोष्टींसाठी १ टक्का मला योग्य वाटला. २ टक्के नसते वाटले.

जिथे विक्रेता स्वतः शहरात राहतो, कागद एकाच जिवंत व्यक्तीच्या नावावर आहेत, इमारतीतच कोणी घेणारा आहे आणि घर दाखवायला घरात दुसरे माणूस आहे, तिथे मी आजही वकिलाची फी देऊन स्वतः विक्री करा असेच सांगेन. काकूंच्या बाबतीत या चारपैकी पहिली सोडली तर एकही अट पुरी होत नव्हती.

वेगळे काय करता आले असते

जाहिरात देण्याआधी वकिलाकडून स्वतःच्या घराचा शोध अहवाल करून घ्यायला हवा होता. त्याचा खर्च काही हजारांचा असतो आणि तो ग्राहकाच्या बँकेने करण्याची वाट पाहणे म्हणजे दोष परक्याच्या तोंडून ऐकणे. ९५ लाखांऐवजी ई-सर्चवरून आलेल्या आकड्यांच्या आसपास सुरुवात केली असती, तर फेब्रुवारीतील दोन गंभीर कुटुंबे, ज्यांची नावे वहीत अधोरेखित आहेत, बहुधा बोलणीपर्यंत आली असती. पहिली विसारपावती वहीच्या पानावर लिहायला नको होती.

माझ्या बाजूनेही एक गोष्ट राहून गेली. पहिल्या जोडप्याला मी एप्रिलमध्येच स्वतः भेटून, तीन महिने लागतील असे सांगायला हवे होते. आम्ही त्यांना ‘थोडे दिवस’ म्हणत राहिलो, आणि त्यांचा राग विलंबापेक्षा त्या शब्दांवर अधिक होता.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. घर विकण्याचा विचार पहिल्यांदा बोलला गेला तो डिसेंबर २०२३ मध्ये, मुलगा तीन आठवड्यांसाठी पुण्यात आला होता तेव्हा. तेव्हा तिघेही एकाच घरात होते. एका सकाळी तिघांनी मिळून निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या असत्या, तर म्युनिकची भेट, मुखत्यारपत्राचा दुरुस्त केलेला मसुदा आणि मुद्रांक कार्यालयाची फेरी यांतले काहीच करावे लागले नसते. त्या तीन आठवड्यांत मुलाने जिन्याला कठडा बसवून घेतला, आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आणि काकांचे लाकडी कपाट आतून पुसून, रंगवून ठेवले. १९९२ चा करारनामा त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत होता.